जिम्नीचे टायर बदलले: जुलैतला चिखल ते दसऱ्याची पूजा

जुलै २०२५ मध्ये सुरू झालेलं टायरचं प्रकरण आत्ता कुठे मार्गी लागलंय. मधल्या काळात मी इतकी माहिती गोळा केली, इतक्या लोकांना विचारलं, आणि तरीही प्रत्यक्ष पैसे मोजायच्या दिवशी पोटात गोळा आलाच होता, म्हणून म्हटलं सगळं क्रमाने लिहून ठेवावं. कुणी एचटी (डांबरीचे), एटी (मधले) आणि एमटी (चिखलाचे) टायर ह्यांच्या मध्ये अडकलेलं असेल तर त्याचे दोन-तीन आठवडे तरी वाचतील.

गाडी मारुती जिम्नी, मॅन्युअल, जानेवारी २०२४ मध्ये घेतलेली. मी राहतो धायरीत, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस हिंजवडीला, आणि महिन्यातून दोनदा मामाच्या शेतावर, वेल्ह्याच्या पुढे. खानापूरवरून पाबे घाट चढून वेल्हे, तिथून थोडा डांबरी आणि शेवटचे चार किलोमीटर कच्चा. उन्हाळ्यात हा कच्चा रस्ता म्हणजे नुसता मुरूम आणि सुटे दगड, कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात त्याचा एक तुकडा भाताच्या खाचरांना लागून जातो आणि तिथे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत गुडघाभर पाणी असतं.

१२ जुलै, शनिवार. लावणी चालू होती, मामीने सांगितलेलं रोपांना घालायचं खत गाडीत होतं. त्या खाचराच्या तुकड्यात मी फोर-एल (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकून शिरलो आणि मध्येच गाडी थांबली. चाकं फिरतायत, गाडी जागेवर. खाली उतरून बघितलं तर चारही टायर मातीचे गोल लाडू झाले होते, नक्षी दिसतच नव्हती. वीसेक मिनिटं पुढे-मागे करण्यात गेली आणि त्यात डाव्या मागच्या टायरची साईडवॉल, म्हणजे बाजूचा भाग, चाकोरीतल्या दगडावर घासून चिरली. शेवटी शेजारचे तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. दोर लावता लावता म्हणाले, "अरे, गाडी चांगलीये तुझी, पण टायर डांबरीचा हाय. ह्याची नक्षी बारीक, माती एकदा बसली की सुटतच नाय." त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला नंतर नेटवर अख्खा महिना वाचूनही वेगळं काही कळलं नाही.

त्यांचं म्हणणं थोडं उलगडून सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. माझी गाडी आली ती एचटी, म्हणजे हायवे टेरेन टायरवर, साईज १९५/८० आर१५ (रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंच). एचटीच्या नक्षीतले ब्लॉक (रबराचे उंचवटे) जवळजवळ असतात, मधल्या खाचा अरुंद, त्यामुळे डांबरीवर रबराचा जास्त भाग रस्त्याला टेकतो, आवाज कमी, पावसात ब्रेक चांगला. एमटी, म्हणजे मड टेरेन, ह्याच्या बरोबर उलटं, मोठे सुटे ब्लॉक आणि मध्ये रुंद मोकळी जागा, चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते आणि पुढच्या फेऱ्याला ब्लॉक परत मोकळे. एटी, म्हणजे ऑल टेरेन, ह्या दोघांच्या मधला. मधला म्हणजे मात्र नेमका कुठला मधला, हे टायरगणिक बदलतं. काही एटी दिसायला दणकट पण आतून एचटीच, काही जवळपास एमटी.

त्या दिवशी घरी येताना मी मनात ठरवूनच टाकलं होतं की एमटीच घ्यायचे. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आधी महिनाभर लिहून तर काढ, गाडी कुठे कुठे जाते." हा सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही ठेवली, रोजचे किलोमीटर आणि त्यातले कच्चे किती ते लिहायचं. तेव्हा साईडवॉल गेलेल्या टायरच्या जागी स्टेपनी लावून फिरत होतो, म्हणजे स्टेपनीशिवाय, आणि ते डोक्यात सतत टोचत होतं. ३८ दिवसांची बेरीज आली १४१२ किलोमीटर. त्यातले कच्चे ३४. आणि त्या ३४ मधला खरा चिखल, जिथे एचटी हात टेकतो, तो जेमतेम ६ किलोमीटर. म्हणजे शंभरातले अडीच किलोमीटरसुद्धा कच्चे नाहीत. वहीतला आकडा बघून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण मनात माझी गाडी अर्धा वेळ डोंगरातच असते असं चित्र होतं.

ऑगस्टच्या पहिल्या दोन शनिवार-रविवारी दोन मित्रांच्या गाड्या चालवून बघितल्या. नुसत्या बसून नाही, स्वतः चालवून, हे महत्त्वाचं. एकाच्या गाडीला एमटी, एकाच्या एटी. दोन्हीवर तोच रस्ता घेतला: जुना कात्रज घाट, खेड शिवापूर, आणि परत येताना नवीन बोगद्यातून नवले पुलाचा उतार. पाऊस दोन्ही दिवशी होताच.

एमटीवर ६० च्या पुढे एक घुमणारा आवाज सुरू होतो, ८० ला गाणी ऐकायची तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो. ते मी सहन केलं असतं. पण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळायला अर्धा क्षण घेते, कारण उंच सुटे ब्लॉक आधी स्वतः वाकतात, आणि नवले पुलाच्या ओल्या उतारावर पुढच्या ट्रकमागे ब्रेक दाबल्यावर एबीएस इतक्या लवकर खडखडलं की मी घाबरलो. तो उतार किती अपघातांचा आहे हे पुण्यात कुणाला सांगायला नको, आणि मी तिथून आठवड्यातून तीनदा जातो. ओल्या डांबरीवर पकड येते ती ब्लॉकवर कापलेल्या बारीक बारीक चिरांमुळे, त्यांना साईप्स म्हणतात, आणि मऊ रबरामुळे. एमटीच्या ब्लॉकवर ह्या चिरा फार कमी असतात. गंमत अशी की सह्याद्रीतल्या शेवाळलेल्या ओल्या कातळालाही हेच लागू आहे, तिथेही मोठ्या ब्लॉकपेक्षा मऊ रबर आणि साईप्स जास्त कामाला येतात. एमटीची खरी जागा म्हणजे खोल चिखल.

एटीवर आवाज होता, पण तो काँक्रीटवर कळतो, डांबरीवर जवळजवळ नाही. तो मित्र एक्सप्रेसवेने मुंबईला जातो-येतो, म्हणाला काँक्रीटवर पहिला आठवडा त्रास झाला मग कान सरावले. ब्रेक एचटीइतका नाही पण विश्वास वाटेल इतका.

म्हणून एटी नक्की झाला. त्याच्यानंतर सुरू झाला साईजचा घोळ, आणि मला वाटतं लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे.

मूळ साईजमध्ये, १९५/८० आर१५ मध्ये, मला विचारलेल्या दुकानांत एटीला पर्यायच फार कमी मिळाले. बहुतेक जिम्नीवाले २१५/७५ आर१५ किंवा थेट २३५/७५ आर१५ टाकतात. मी कागदावर गणित केलं, कुणीही करू शकतं: रुंदीला टक्केवारीने गुणायचं, दुप्पट करायचं, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवायचे. मूळ टायरची उंची ६९३ मिमी, २१५ ची ७०३.५, आणि २३५ ची ७३३.५. म्हणजे २१५ ने फक्त दीड टक्का फरक, २३५ ने जवळपास सहा टक्के. मीटरवर १०० दिसत असताना २३५ वर गाडी खरी १०६ च्या आसपास असणार, ग्राउंड क्लिअरन्स मिळणार २० मिमी, आणि १.५ लिटरच्या इंजिनाला तेवढं मोठं चाक ओढायचं काम कायमचं लागणार. २१५ ने क्लिअरन्स फक्त ५ मिमी वाढतो, म्हणजे त्यासाठी घेऊच नका.

मग २१५ का? कारण ही बोलेरोची साईज आहे. वेल्ह्यात, भोरमध्ये, कुठल्याही तालुक्याच्या गावात टायर फाटला तर बोलेरोचा टायर मिळतोच. जुलैपासून स्टेपनीशिवाय फिरलेल्या माणसाला ह्याची किंमत कळते.

वजनाचं पण बघा. जिम्नी १२०० किलोच्या आसपासची हलकी गाडी. परदेशी ट्रकांसाठी बनवलेले एलटी टायर, दहा प्लायचे, म्हणजे दहा थरांच्या ताकदीचे, दिसायला जबरदस्त असतात पण ते इतके कडक असतात की ह्या गाडीच्या वजनाने नीट दबतच नाहीत, आणि दबले नाहीत तर दगडाला धरणार कसे? मी साधे पॅसेंजर बांधणीचे एटी शोधले. लोड इंडेक्स १००, म्हणजे एका टायरला ८०० किलो, मूळ टायरचा ९६ होता म्हणजे ७१०. लोड इंडेक्स मूळपेक्षा खाली कधीच जाऊ नये. त्याच्या पुढचं इंग्रजी अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८०, बऱ्याच एमटींवर क्यू असतं म्हणजे १६०.

ब्रँडबद्दल: यादीत योकोहामा जिओलँडार, अपोलो ऍप्टेरा, सिएट झार, बीएफगुडरिच आणि मॅक्सिस होते. शेवटी कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाहीये. एकाच नावाचा टायर एका साईजमध्ये पॅसेंजर बांधणीचा आणि दुसऱ्या साईजमध्ये एलटी असू शकतो, माझा अनुभव तुमच्या साईजला लागू होईलच असं नाही, आणि नाव लिहिलं की सगळे फक्त नावच वाचतात.

आता कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून वेगळे बदल करायला परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) आणि २३५ तिथेच माझ्या यादीतून गेले. २१५ ही सुद्धा मूळ साईज नाही, हे मान्यच, आणि माझ्या आरसीवर टायरची साईज छापलेली नाही म्हणून मी निर्धास्त होऊ शकत नव्हतो. दोन ईमेल केले, २५ ऑगस्टला: एक सर्व्हिस सेंटरला, एक इन्शुरन्सला. पॉलिसी नंबर, दरवाज्यावरच्या टायर स्टिकरचा फोटो, जुनी साईज, नवीन साईज, दोन्हीचे लोड इंडेक्स आणि उंचीतला फरक, सगळं एकाच मेलमध्ये. सर्व्हिस सेंटरचं उत्तर चार दिवसांत आलं: बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा वॉरंटी क्लेम आला तर टायर साईज तपासली जाईल. इन्शुरन्सचं काही येईना. २७ ऑगस्टला गणपती बसले, तेव्हा फोन उचलायलाही कुणी नाही असं वाटायला लागलं. अनंत चतुर्दशीनंतर ८ सप्टेंबरला फोन केला, त्यांनी फोटो परत मागितले, आणि १७ ला लेखी उत्तर आलं की माहिती नोंदवून घेतली, जादा प्रीमियम नाही, बिल जपून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बघेल. ह्याला परवानगी म्हणता येत नाही हे मला माहितीये. पण आपण लपवलं नाही ह्याची तारीख आपल्याकडे राहते. मेलची प्रिंट काढून गाडीच्या कागदांत ठेवलीये, तुम्हीही ठेवा.

दरम्यान दुकानं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन ठिकाणी भाव काढला, एका टायरला ८९०० पर्यंत सांगितलं. एमटीचा भाव नुसता उत्सुकता म्हणून विचारला तर त्याच साईजला जवळपास दुप्पट, तेही मागवावा लागेल. दुकानदाराने कारण सांगितलं, जून २०२० पासून टायरच्या आयातीला लायसन्स लागतं, त्यामुळे बाहेरचा माल कधी येईल ह्याचा भरवसा नाही. मी ॲडव्हान्स देणारच होतो, तेवढ्यात १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. टायरला तेव्हा २८ टक्के होता. दुकानदार स्वतःच म्हणाला, "साहेब, गडबड नसेल तर थांबा." त्याचं त्यात नुकसान होतं, तरी म्हणाला, हे मी विसरणार नाही. ३ सप्टेंबरला कौन्सिलने १८ टक्के ठरवला, लागू २२ सप्टेंबरपासून, नेमकी घटस्थापना. तोच ८९०० चा टायर ८२०० ला आला. पाच टायरमागे साडेतीन हजार वाचले.

पाच का, चार का नाहीत? जिम्नीचं फोर व्हील पार्ट-टाईम आहे, मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-एचमध्ये (नेहमीच्या वेगाचं फोर व्हील) पुढची आणि मागची चाकं एकाच गतीने फिरायला बांधलेली असतात, एका चाकाची उंची वेगळी असेल तर सगळा ताण गिअरवर येतो. स्टेपनी जुन्या साईजची ठेवली असती तर ज्या दिवशी तिची गरज, नेमकं त्याच दिवशी फोर व्हील वापरता आलं नसतं. त्यामुळे पाचवा टायर हा खर्च वाचवायची जागा नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी दहाला दुकानात पोचलो. बसवायच्या आधी टायर आडवे ठेवायला सांगितले आणि साईडवॉलवरचा चार आकडी कोड वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन टायर २८२५, म्हणजे जुलै २०२५ चे, आणि दोन ४८२३. जवळपास दोन वर्षं जुने, आणि भाव तोच. मी नको म्हटलं. थोडी नाराजी झाली, "काही होत नाही" हे चारदा ऐकलं, पण मी ठाम राहिलो आणि आवाज न चढवता तसाच घरी आलो. मंगळवारी, ३० तारखेला त्यांनी नवीन दोन मागवून दिले. तुम्हीही कोड बघितल्याशिवाय रिमवर चढवू देऊ नका, एकदा चढवला की तो टायर तुमचा.

खर्च असा: पाच टायर ४१,०००. नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून २१००. जुने चार टायर, ५ मिमी नक्षी शिल्लक असलेले, दुकानात नाही दिले, दुसऱ्या एका जिम्नीवाल्याला ९००० ला विकले. म्हणजे निव्वळ ३४,१००. शिवाय १२ व्होल्टचा हवेचा पंप आणि प्रेशर गेज मिळून ३६००, त्याचं पुढे सांगतो. बॅग मोजायचा लटकता काटा घरून नेला होता, जुना टायर १० किलोच्या थोडा वर भरला, नवीन १३ च्या थोडा वर. चाकामागे तीन किलो.

दुकानातून निघताना प्रेशर ३५ पीएसआय होतं. सगळीकडे असंच भरून देतात, तपासाच. मी स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरुवात केली आणि खडूचा जुना उपाय केला: टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर जायचं, रेघ फक्त मध्ये पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. माझ्याकडे थंड टायरला २८ वर रेघ सारखी पुसली गेली. पूर्ण स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून, एक चाक दगडावर चढवून बघितलं, कुठे घासत नाही. शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घेतले.

२ ऑक्टोबरला दसरा होता. झेंडू, हळदीकुंकू, चारही चाकांखाली लिंबू, आईने पाचव्या चाकालाही आठवणीने कुंकू लावलं.

४ ऑक्टोबरला शेतावर. पाऊस तेव्हाही पूर्ण गेलेला नव्हता, खाचराजवळ पाणी होतंच. कच्चा रस्ता सुरू होतो तिथे वडाखाली थांबून चारही टायर १८ वर आणले. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो, आणि दगडावर टायर फुटण्याऐवजी दबून वरून जातो. फोर-एल, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा. त्या तुकड्यात गाडी एकदा तिरकी झाली, माझे हात घट्ट झाले, पण ती चालत राहिली आणि पलीकडे निघाली. खाली उतरून टायर बघितले, मध्ये माती भरलेली होती पण कडेचे ब्लॉक मोकळे होते. तात्या बांधावरून बघत होते. म्हणाले, "हवा काढलीस नं? आता खरी चालवलीस." मग त्यांनी मला त्यांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असतं ते दाखवलं. टायरच्या आत काय आहे ह्याचा विचार मी आधी कधी केलाच नव्हता.

मला मनापासून वाटतं की त्या दिवशीचं निम्मं श्रेय हवेचं आहे. जुलैत जुन्या एचटीवर हवा १८ ला आणली असती तर मी कदाचित अडकलोही नसतो, निदान साईडवॉल तरी वाचली असती. म्हणून ४३ हजार खर्च करायच्या आधी ३६०० चा पंप आणि गेज घ्या, दोन फेऱ्या करा, मग ठरवा. परत डांबरीला लागायच्या आधी हवा मात्र भरायचीच, चार टायरना मिळून वीस मिनिटं लागतात, कमी हवेवर वेगाने गेलं तर टायर तापून फुटू शकतो.

ॲव्हरेज आधी १४.२ होता, आता मीटर १३.२ दाखवतो. पण चाक दीड टक्का मोठं असल्यामुळे मीटर किलोमीटर कमी मोजतो, दुरुस्त केला तर १३.४ च्या आसपास. पिकअप किंचित मंद झालाय, पाबे घाटात दुसरा गिअर थोडा जास्त वेळ लागतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काहीच फरक नाही. बायकोला आवाज जाणवतो, मला नाही.

एक विनंती, ती मात्र खूप मनापासून. टायर चांगले आले की जिथे रस्ता नाही तिथे गाडी घालायचा मोह होतो. पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या पठारावर) एकदा चाकोरी उमटली की ती वर्षानुवर्षं जात नाही, फुलांचे कंद तिथेच चिरडतात. समुद्रकिनाऱ्यावर कासवांची घरटी असतात. आणि भाताच्या बांधावरून चाक गेलं तर ते कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांवरून जातं. जिथे बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट आहे तेवढंच आपलं.

गेल्या रविवारी पाचही टायरची नक्षी मोजली, फिटिंगपासून ४६०० किलोमीटर झालेत. नवीन असताना १०.५ मिमी होती, मागच्या दोन्हींची १०, पुढच्या दोन्हींची ९.७, स्टेपनी अर्थातच तशीच. ८ हजारला पाच टायरचं रोटेशन करणार आहे, स्टेपनी उजव्या मागच्या जागी येईल. कोणत्या चाकाचा टायर कुठे गेला ते खडूने लिहिलेलं पुसून जातं, म्हणून त्याच डॅशबोर्डच्या वहीत शेवटच्या पानावर चौकोन काढून तारखा लिहून ठेवल्यात.